अमावस्येला गार पडणारं कुंड

कुठलाही दगड दिसला की सर त्याला उलटा हात लावत. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते, तसा. क्षणभर थांबत आणि म्हणत, "उतरलाय."

म्हणजे ताप. दगडाचा. आमच्या भागातला सगळा काळा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी पातळ होता, जमिनीच्या भेगांतून उकळत वर आला, पसरला आणि सावकाश गार झाला, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात दीड पानात आटोपते. सरांनी ती तीस वर्षं सांगितली. सांगताना त्यांचा स्वर असा असे, की आग काल त्यांच्याच गल्लीत लागली होती आणि बादली घेऊन धावणाऱ्यांत ते स्वतः होते.

आमची शाळा दौंड तालुक्यात, भीमेच्या काठापासून थोडी आत. इकडे खुटबाव, नदीपलीकडे शिरूरच्या हद्दीत मांडवगण फराटा, आणि मधे नजर जाईल तिथे ऊस. मी मराठी शिकवायचो, ते भूगोल. पालकांच्या लेखी दोन्ही विषयांची किंमत सारखीच होती, त्यामुळे आमची मैत्री व्हायला वेळ लागला नाही.

"सगळा तवाच आहे हा," असं ते माळाकडे हात करून म्हणायचे. "पोरांनो, आपण गार झालेल्या तव्यावर बसलोय. आणि एक तवा नाही, भाकरींची चवड असते ना, तसे तव्यावर तवे." एकदा एप्रिल महिन्यात, पत्र्याच्या वर्गात, दुपारच्या तासाला हे वाक्य आलं. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, गार कवा झालाय?" सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी खिडकीच्या दगडी कट्ट्याला उलटा हात लावला, चटका बसला म्हणून झटकला आणि म्हणाले, "हा उन्हाचा आहे. आतला उतरलाय."

हा फरक त्यांना महत्त्वाचा वाटे. ऊब कुठून येते, हे नीट सांगता आलं पाहिजे. बाकी त्यांच्या विषयात पाठ करण्यासारखं फारसं नाही, असं ते परीक्षा जवळ आली की खासगीत सांगत.

गंमत अशी, की या माणसाने आयुष्यात ज्वालामुखी पाहिला नव्हता, हे ठीकच. पण गरम पाण्याचा झराही पाहिला नव्हता. झरे कोकणात आहेत, घाट उतरला की दिवसभराचं काम. पण दर सुट्टीत काहीतरी निघायचं. कधी जनगणना, कधी निवडणूक, कधी मुलीचं लग्न. वर्गात मात्र ते झऱ्यांबद्दल असं बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज सकाळी तिथूनच अंघोळ करून येतो. कुणी विचारलंच, "सर, तुम्ही बघितलाय?" तर प्रामाणिकपणे सांगत, "नाही. पुस्तकात आहे."

शाळेच्या प्रदर्शनात दरवर्षी ज्वालामुखी असायचा. मातीचा डोंगर, आत डबी, डबीत खायचा सोडा, वरून लाल रंग घातलेला व्हिनेगर. एका वर्षी तो डोंगर केला होता एका उत्साही, बोलघेवड्या पोराने. प्रमुख पाहुणे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, पण दोन तास उशिरा. तोवर डबी बदलून झाली, सोडा दुप्पट झाला. पाहुणे वाकून बघायला आणि डोंगर फुटायला एकच गाठ पडली. पाहुण्यांच्या छातीवर लाव्हा उतरला. मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा पडला. सर तेवढ्या गडबडीत पाहुण्यांना समजावत होते, "हेच तर आहे साहेब, उद्रेक सत्कारासाठी थांबत नसतो."

त्या पोराला नंतर मार मिळाला नाही, कारण सरांनी सगळा दोष सोड्यावर ढकलला. पोरगा पुढे गावचा सरपंच झाला. तो पुन्हा येणार आहे, म्हणून इथेच ओळख करून दिली.

सहल म्हटली की सर पोरांना कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे दाखवायला नेत. शिरूरच्या पुढे, नदीने काळ्या खडकात रांजणासारखे खोल खड्डे कोरलेत तिथे. पाण्याबरोबर गोटे गोल गोल फिरतात आणि खडक झिजत जातो, असं ते सांगत होते. तिथे बांगड्या विकणारी एक म्हातारी ऐकत बसली होती. ती म्हणाली, "आन् मास्तर, गोटं कोण फिरवतंय?"

"पाणी, आजी."

"आन् पाण्याला?"

"उतार."

"आन् उतार कुणी केला?"

सरांनी खळग्याच्या काठाला उलटा हात लावला. मग पोरांना म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. उत्तर तिचं वेगळं आहे, माझं वेगळं. पण प्रश्न बरोबर आहे." आणि तिच्याकडून बायकोसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. माप माहीत नव्हतं. लहान झाल्या.

त्या बायकोबद्दल, म्हणजे वहिनींबद्दल आता सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या गुडघ्यांवर उभं आहे.

वहिनी मूळच्या चालत्याबोलत्या बाई. हळदीकुंकू असो, कुणाचं बारसं असो, आमच्या आळीत बायका जमल्या की त्यांचा आवाज आधी ऐकू यायचा. सर निवृत्त झाले त्या सुमारास त्यांचे गुडघे धरले. आधी देऊळ सुटलं, मग बाजार, मग शेजार. डॉक्टर, तेल, पट्टे, लेप, सगळं झालं. ऑपरेशनला त्या तयार नव्हत्या. शेवटी त्या दारातल्या खुर्चीत बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायच्या. लोक थांबायचे, पण उभ्याउभ्या. सर मला एकदा म्हणाले, "दुखतं त्याचं ती काही बोलत नाही. पण हल्ली ती रेडिओशी बोलते. बातम्या देणाऱ्याला उत्तर देते."

अशात सरपंचाने गायरानात बोअर घेतलं. पाणी लागलं. ते पाइपाने गावाच्या कडेला आणून देवीच्या पारामागे एक हौद बांधला, गुरांसाठी. आणि हौदात पडलेलं पाणी चक्क ऊन निघालं. कोमट नव्हे, चांगलं ऊन. हिवाळ्याचे दिवस, वाफा दिसायच्या. एका गुराख्याने दुखरा पाय बुडवला, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दहा पाय आले. आठवड्यात गुरांना हाकलून दिलं आणि हौदाचं कुंड झालं.

आता तुम्ही अशी गावं पाहिली असतील, त्यामुळे पुढची पायरी तुम्हाला माहीत आहे. फरशा बसल्या. न्हाणीघरात लावतात त्या, निळ्या, माशांचं चित्र असलेल्या. मधे भिंत घालून बायकांचा भाग वेगळा झाला. कमान झाली. कमानीवर नाव झालं: श्री देवी उष्णोदक तीर्थ. शेजारी चहाची टपरी आली, ती तर कमानीच्या आधीच आली होती.

आणि एक चमत्कार लोकांच्या ध्यानात आला. दर अमावस्येला पाणी गार पडायचं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पुन्हा ऊन. एकदा नव्हे, दर महिन्याला. देवी त्या दिवशी विश्रांती घेते, हे कुणी ठरवलं ते माहीत नाही, पण दोन महिन्यांत ते पूर्वीपासून ठरलेलं होतं असं सगळे सांगायला लागले. ज्यांचा आधी विश्वास नव्हता तेसुद्धा अमावस्येपुढे नमले. ऊन पाण्यापेक्षा गार पाण्यानेच कुंडाचं नाव झालं.

वहिनी तिथे जाऊ लागल्या. सर स्कूटरवरून सोडायचे, दीड तासाने आणायला जायचे. पहिल्या दिवशी दोन बायकांनी धरून पायऱ्या उतरवल्या. महिन्याभरात त्या एका हाताने कठडा धरून उतरायला लागल्या. गुडघ्यापर्यंत पाणी, आठदहा बायका, आणि सगळ्या आळ्यांच्या बातम्या. परत येताना स्कूटरवर मागे बसून मोठ्याने बोलायच्या, ते मला माझ्या ओसरीवर ऐकू यायचं. दोन वर्षांत नव्हतं आलं.

सर स्वतः कुंडात उतरले नाहीत. आणायला जात तेव्हा भिंतीपलीकडे उभे राहून माळाकडे बघत. मी विचारलं, "काय सर, कोकण इकडं आलं म्हणायचं."

"येणार नाही," ते म्हणाले. "इथं खालून ऊन पाणी यायचं कारण नाही. आपला तवा गार आहे."

"मग?"

"तेच बघतोय."

त्यांनी ते बघायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं. पण ऊब कुठून येते हे ज्याने आयुष्यभर पोरांना विचारलं, त्याच्या बायकोचे पाय ज्या पाण्यात होते त्याबद्दल तो गप्प कसा बसणार?

सरांनी पाइपाच्या मागोमाग चालायला सुरुवात केली. कुंडापासून बोअरपर्यंत. मधे गुऱ्हाळ होतं. आमच्याकडे गुऱ्हाळं काही नवीन नाहीत. उसाच्या रसाची काहील, तिच्या खाली जाळाचं चुलवण, चुलवणात दिवसरात्र रस काढलेल्या उसाचं चिपाड जळतं, आणि धूर जमिनीखालच्या बोगद्यातून उंच धुराड्यात जातो. पाइप टाकणाऱ्याने वळसा घालायचा कंटाळा केला होता. लोखंडी पाइप त्याने सरळ त्या बोगद्याच्या पोटाला लावून नेला होता, वरून तापलेल्या राखेचा ढीग.

मला त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे नेलं. चुलवणापाशी उत्तरेकडचा एक कामगार चिपाड ढकलत होता. सरांनी त्याला विचारलं, "भैया, छुट्टी कब रहती है?"

"अमावस को, मास्टरजी. सेठ बोलते हैं पुराना रिवाज है."

रिवाज जुनाच होता. पूर्वी ऊस पिळायच्या चरकाला बैल असायचे आणि अमावस्येला बैल जुंपत नसत. बैल गेले, इंजिन आलं, मग वीज आली. सुट्टी राहिली. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. शेंबड्या पोरालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की अमावस्येला गुऱ्हाळ बंद. अमावस्येला कुंड गार, हेही सगळ्यांना माहीत होतं. फक्त या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या.

सर राखेच्या ढिगापाशी उकिडवे बसले. म्हणाले, "आता काय करू?"

"काहीच करू नका," मी म्हटलं. "वहिनींना बरं वाटतंय ना?"

"वाटतंय. ऊन पाणी ते ऊन पाणी. जाळ कुणाचा का असेना, गुडघ्याला काय कळतंय?"

"मग झालं तर."

"मला कुणी विचारलं नाही, तर झालंच," ते म्हणाले. "फक्त विचारू नये कुणी."

तुम्हाला अंदाज आलाच असेल. त्याच आठवड्यात सरपंच पेढे घेऊन सरांच्या घरी आला. मी तिथेच होतो.

"सर, आपला ज्वालामुखी आठवतोय का? तुमच्याच हाताखाली शिकलोय. तीर्थाचा लोकार्पण सोहळा हाय. साहेब येत्यात. तुमी दोन शब्द बोलायचं."

"मी कशाला? तू बोल ना."

"आमच्या बोलण्याला काय वजन हाय? तुमी भूगोलाचं माणूस. तुमी म्हणला भूगर्भातलं पानी, म्हंजी झालं. दगडी पाटीवर खाली तुमचं नाव टाकतोय, 'भूगोलतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली'. व्हय का न्हाई, काकू?"

वहिनी खुर्चीतून उठल्या. हात न टेकता उठल्या, हे आम्ही तिघांनीही पाहिलं. "बोलतील की," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं पोरांपुढं बोलले. आता मोठ्यांपुढं बोलू देत."

सरपंच गेल्यावर मी सरांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "त्या दिवशी ताप आलाय म्हणून झोपून राहा."

"मला तापात टाकून ती जाईल का? तिनं जांभळी पैठणी काढून ठेवलीय. पुढच्या रांगेत बसणार आहे."

"मग नुसतं लाव्ह्याबद्दल बोला. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं बोला. हल्लीचं बोलूच नका."

"ते जमेल," सर म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

सोहळा व्हायचा तसा झाला. मंडप, ढोलताशा, कमानीएवढा फ्लेक्स. फ्लेक्सवर देवी मधे, साहेब तिच्यापेक्षा थोडे मोठे, आणि खालच्या ओळीत पासपोर्टच्या फोटोतले सर, ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ. साहेब उशिरा आले. फेटे बांधून झाले, शाली झाल्या, ज्यांना शाल मिळाली नाही त्यांची नावं माफी मागून वाचून झाली. मग सरांना बोलावलं.

त्यांनी सुरुवात छान केली. भेगा, उकळता खडक, थरावर थर. मी त्यांच्याकडे बघत होतो. तिथेच थांबतील अशी मला आशा होती. ते थांबलेही. मग सरपंचाने शेजारून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मदत केली, "आन् त्याच लाव्ह्याची धग हितं पान्यात उतरलीय, व्हय ना सर?"

प्रश्न विचारला गेला होता.

सरांनी एकदा पुढच्या रांगेकडे पाहिलं. मग माइक जरा जवळ घेतला. "नाही," ते म्हणाले. "लाव्ह्याची धग केव्हाच गेली. हे पाणी गुऱ्हाळाच्या जाळावर तापतंय. पाइप धुराड्याच्या बोगद्याला लागून आलाय. अमावस्येला गुऱ्हाळ बंद असतं, म्हणून पाणी गार. पाणी चांगलं आहे, खुशाल बसा त्यात. पण खालून तापून येत नाही."

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मला वाटलं, आता दगडफेक होते की काय. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बघा! देवीनं गुऱ्हाळवाल्याला बी कामाला लावलंय!"

हशा झाला, टाळ्या झाल्या, देवीच्या नावाचा जयघोष झाला. सरपंचाने माइक घेतला. "सरांनी शास्त्रीय बाजू सांगितली, त्याबद्दल आभार. आता धार्मिक बाजू भटजीकाका सांगतील." साहेबांनी शेवटी विज्ञान आणि श्रद्धा यांचा या ठिकाणी संगम झाला आहे, असं सांगितलं आणि नारळ फोडला. गुऱ्हाळाच्या मालकाने त्याच दिवशी आपल्या दारावर 'तीर्थाचे मूळ स्थान' अशी पाटी लावली. गुळाची विक्री वाढली, असं ऐकलं.

म्हणजे कुंडाचं काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तेवढीच गर्दी, तीच वाफ. दगडी पाटीसुद्धा बदलली नाही. सर मार्गदर्शक म्हणून राहिले. खरं बोलून कुणाचंही नुकसान न झाल्याचं असं उदाहरण क्वचित सापडेल, असं मी त्यांना म्हणणार होतो. पण त्या दिवशी संध्याकाळी स्कूटर निघाली नाही.

वहिनी जायच्या थांबल्या.

सरांनी समजावलं, मी समजावलं, सरपंच येऊन गेला. "काकू, पानी त्येच हाय. जाळ त्योच हाय. बायका वाट बघत्यात."

वहिनी रागावल्या नव्हत्या. त्यांनी सरपंचाला चहा दिला. तो गेल्यावर सरांना म्हणाल्या, "अहो, पाण्यात बसलं की बायका विचारणार, सर असं का बोलले? खालून येतंय म्हटलं तर तुम्हाला खोटं पाडायचं. जाळावरचं म्हटलं तर त्यांच्या देवीला. आणि काहीच नाही म्हटलं तर दीड तास गप्प बसायचं. ते माझ्याच्यानं होणार आहे का?"

"अगं, त्यांनी ते हसण्यावारी नेलं."

"त्यांनी नेलं. मला माहीत आहे ना, तुम्ही उगाच बोलत नाही ते."

सर माझ्या ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "तीस वर्षं वर्गात घसा कोरडा केला. कुणाचा विश्वास बसला नाही. भर मंडपात सांगितलं, तरी बसला नाही. बसला तो हिचा एकटीचा. आणि नेमका तिचाच बसायला नको होता."

त्यांनी घरी टब आणला. गॅसवर पाणी तापवून त्यात ओतायचे, वहिनी पाय सोडून बसायच्या. गुडघ्यांना आराम पडायचा, पण पायांना कुठे जायचंच नव्हतं. पुन्हा हात टेकून उठणं आलं. पुन्हा रेडिओ बोलायला लागला आणि वहिनी त्याला उत्तर द्यायला लागल्या. थंडी सरत आली तेव्हा एके सकाळी सर आले आणि म्हणाले, "कोकणात जायचंय. खऱ्या झऱ्यावर. तुम्ही चला, मला एकट्याला तिला उतरवता येणार नाही."

त्या प्रवासानंतर सर फार दिवस राहिले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाशी साध्या तापाचं निमित्त झालं. त्यांचं घर आता मुलीने भाड्याने दिलंय आणि वहिनी तिच्याकडे असतात. म्हणून सरांबद्दल कुणी विचारलं, तर मला तो एक दिवसच सांगावासा वाटतो.

गाडी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचीच होती, चालवतही तोच होता. घाट लागला तसे सर खिडकीबाहेर बोट दाखवायला लागले. "तो बघ थर. त्यावर दुसरा. मधली लाल पट्टी दिसतेय का?"

"सर," तो म्हणाला, "मी डोंगराकडं बघू का रस्त्याकडं?"

"रस्त्याकडे बघ. ही बघतेय." आणि मागे वळून वहिनींना लाल पट्टी दाखवली. वहिनी म्हणाल्या, "दिसली, दिसली," आणि डोळे मिटून घेतले, कारण त्यांना घाट लागतो.

झऱ्याचं गाव म्हणजे देऊळ, नारळाची दुकानं, वडापाव आणि कमान. आत गेल्यावर मी थक्क झालो. निळ्या फरशा. मासे नव्हते, कासवं होती. मधे भिंत, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. दानपेटी. साबण लावू नये अशी पाटी आणि पाटीखाली साबणाचे कागद. आमच्या कुंडात आणि याच्यात फरक काय तो मला तरी दाखवता आला नसता.

तिथल्या एका बाईने आणि मी मिळून वहिनींना भिंतीच्या दारापर्यंत सोडलं, पुढे बायकांनी धरलं. सर या बाजूला पायरीवर उभे. झरा पाहायला आयुष्यभराने आलेला माणूस, त्याला झरा कुठे दिसेना. दिसत होतं ते टाकीत पडणारं पाणी. त्यांनी देखरेख करणाऱ्या पोरसवदा माणसाला विचारलं, "हे निघतं कुठून?"

"खालून."

"ते कळलं. जागा कुठाय? बघता येईल?"

"स्लॅबच्या खाली गेली ती. पूर्वी दिसायची म्हणतात. वर गाभारा बांधला ना."

"मग खालून येतं कशावरून?"

त्या माणसाला असा प्रश्न पूर्वी कुणी विचारला नसावा. तो म्हणाला, "काका, तुम्हाला अंघोळ करायचीय का नाही?"

सर मान वर करून आजूबाजूला बघायला लागले. काय शोधताहेत ते मला माहीत होतं. धुराडं नव्हतं. पण ते नसल्यामुळे काही सिद्ध होत नव्हतं, हेही आम्हा दोघांना माहीत होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. आळीत सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा तो आवाज.

"अहो! ऐकलंत का?"

"काय गं?"

"केवढं ऊन आहे! इथल्या बायका म्हणतात, कधी गार पडतच नाही!" मग थोडं थांबून, जरा हळू, पण आम्हाला ऐकू येईल असं, "खरं आहे ना हो हे?"

पलीकडे बायका गप्प झालेल्या जाणवल्या. म्हणजे वहिनींनी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं, आणि वहिनी स्वतः अजून पाण्यात न बसता पायरीवरच उभ्या होत्या.

सरांनी टाकीकडे पाहिलं, स्लॅबकडे पाहिलं, देखरेख करणाऱ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, पण मला तर त्यातलं काहीच कळत नव्हतं.

"खरं आहे!" ते ओरडले. "बस तू!"

क्षणभराने पाण्यात काहीतरी धपकन बसल्याचा आवाज आला, मग कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं, आणि मग पाचसहा जणींचं हसणं. त्यातलं वहिनींचं कुठलं, ते मला ओळखता आलं नाही. सरांना आलं असावं. ते पायरीवर बसले आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.